शनिवारची नवी गाडी

गोमंतकाच्या इतिहासात आजवर दोनच मुक्त्या झाल्या. एक पोर्तुगिजांपासून, दुसरी निळ्या डब्यांपासून. पहिलीला साडेचारशे वर्षं लागली (पेडण्याच्या वाट्याला त्यातली बरीच कमी आली, पण भाषणात कोण वजाबाकी करत बसतो), आणि दुसरी एका माणसाने एका पावसाळ्यात करून दाखवली. हे मत कुठल्या इतिहासकाराचं नव्हे. ते त्या माणसाचं स्वतःचं होतं, आणि पेडणे स्थानकाच्या फलाटावर, मासळीच्या पालथ्या खोक्यावर उभं राहून त्याने ते जाहीर केलं. ऐकायला गर्दी चांगली होती. फक्त ती मुंबईच्या गाडीसाठी जमलेली होती. ती गाडी आली तेव्हा दुसरी मुक्ती अर्ध्यात होती. गर्दी डब्यांकडे पळाली, आणि खोकंही त्याच गाडीने जायचं असल्यामुळे मालकाने वक्त्याला दंडाला धरून खाली उतरवलं.

उतरवलेले गृहस्थ म्हणजे गुरुदासबाब तळवणेकर, पेडणे तालुका रेल्वे प्रवासी संघाचे अध्यक्ष. सरकारी नोकरीत असताना ज्या हाताने लोकांचे अर्ज बाजूला सारले, त्याच हाताने निवृत्तीनंतर ते अर्ज लिहू लागले होते. संघाची कार्यकारिणीही तशीच होती, सगळे पाच दिवसांच्या आठवड्यातले. शनिवार-रविवारच्या गाडीने त्यांच्यातला कोणीच जात नसे, त्यामुळे त्या गाडीचा विचार त्यांना निःपक्षपातीपणे करता येई. एक जागा महिलेसाठी राखीव होती. तिथे बांद्याहून पेडण्याला येऊन गाडी धरणारी दिपाली निवडून आली होती, मडगावच्या एका खाजगी इस्पितळात नर्स. पण बैठका शनिवारी आणि दिपालीची कामाची पाळीही शनिवारी, म्हणून तिची संमती गृहीत धरत.

शनिवार-रविवारच्या गाडीला डबे कुठले मिळतात, ते आधी सांगायला हवं. लग्नाची पंगत आठवा. सोमवार ते शुक्रवार ही पहिली पंगत. कचेरीवाले, वकील, शिक्षक. त्यांना बरे डबे वाढतात, कारण त्यांना तक्रार टाइप करता येते. शनिवारी ते डबे धुवायला आणि तपासायला जातात. मग भांड्यात उरलंय काय ते बघून शेवटची पंगत बसवतात. हॉटेलांतले कामगार, दुकानांतल्या मुली, नर्सा, मडगावच्या बाजारात कोकमं आणि काजू विकणाऱ्या बायका. ह्यांना जे येईल ते.

पानं वाढण्याचं हे काम तुषार मेस्त्री नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं. कुडाळचा माणूस, स्वभावाने सरळ, आणि नोकरी टिकवायची असल्यामुळे फार सरळ नाही. संघाच्या बैठकीला तो दोन फोटो घेऊन आला.

"ह्या दोनांतलो एक रेक तुमका गावतलो," तो म्हणाला. डब्यांच्या जोडलेल्या माळेला रेल्वेत रेक म्हणतात. "शनिवार-रविवारी हे दोनच मोकळे आसत."

पहिला निळा. खिडक्यांना गज, पंखा पेनने ढोसल्याशिवाय फिरत नाही, बाकांवर कोणाकोणाच्या प्रेमाची नावं कोरलेली. पण डब्याच्या दोन्ही टोकांना संडास. दुसरा पांढरा-तांबडा, कोरा. तोंडाला मोठी काच, आत चकचकीत दांडे, कॅमेरे, आणि पुढचं स्थानक सांगणारा बाईचा आवाज. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कचेरीवाल्यांसाठी बांधलेला, तिथून इकडे आलेला.

"ह्यात संडास नाय," तुषार म्हणाला. "कमी अंतराची जात ती. आधीच सांगतंय, मागीर माका विचारू नकात."

"प्रवास केवढा?" गुरुदासबाबांनी विचारलं.

"दीड तास. समोरची गाडी सोडूक थांबवल्यानी तर दोन."

"दीड तासात माणसाक काय होता?" खजिनदार निलेश कोरगावकर हसले. "मी चार चार तास फायलींवर बसलेलंय."

"तुमच्या कचेरीत होतो मां?"

"होतो की. साहेबांच्या केबिनीक लागून. एकदम स्वच्छ."

गुरुदासबाब दोन्ही फोटो हातात धरून बघत होते. निळ्या गाडीसमोर हार घालून उभं राहिलेलं स्वतःचं चित्र त्यांनी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. ते कोणी छापेल असं त्यांना वाटेना. पांढऱ्या गाडीच्या काचेत मात्र आकाश दिसत होतं, माडही दिसत होते, आणि हार चांगलाच उठून दिसला असता. ठराव एकमताने झाला.

घरी ही बातमी कळल्यावर त्यांच्या बायकोने, कमलाक्षीने, अभिनंदन केलं नाही. तिने विचारलं, "ओ, तिका संडास आसा?"

अध्यक्ष झाल्यापासून गुरुदासबाब घरातही छापील मराठी बोलत. "कमलाक्षी, प्रगत देशांत प्रवासी आपली कामं आटोपून घरून निघतात."

"माका साखर आसा. डॉक्टर म्हणता पाणी भरपूर पी. पिल्यार जावचा लागता."

"साखर तुला आहे. गाडीला नाही."

कमलाक्षी गप्प बसली. ती नेहमीच गप्प बसायची, आणि गुरुदासबाब त्याला एकमत म्हणत. पण ह्या वेळी तिच्यापुढे खरोखरचा पेच होता. मडगावला तिची थोरली बहीण भाग्यलक्ष्मी अर्धांगाने खाटेवर होती. वाचा गेलेली, उजवी बाजू गेलेली, शिल्लक राहिलेला हट्ट एवढाच, की दोन माणसं सोडून कोणाच्या हातून ती तोंड उघडत नसे. एक प्रिया, जी सोमवार ते शुक्रवार तिचं सगळं करायला ठेवलेली होती, आणि दुसरी कमलाक्षी. प्रियाची सुटी शनिवार-रविवारी. मुलगा सर्वेश घरीच असे, पण त्याने चमचा पुढे केला की आई ओठ मिटून भिंतीकडे बघे. म्हणून दर शनिवारी सकाळी कमलाक्षी पेडण्याहून गाडी धरायची. बहिणीला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, पेजेचा एकेक चमचा भरवत बालपणीच्या भांडणांचा निकाल लावायची, आणि रविवारी संध्याकाळी परत यायची.

बसने जाता आलं असतं. म्हापसा, पणजी, मडगाव अशा बसी बदलत, आणि वाटेतल्या प्रत्येक स्टँडवर, कसेही असोत, संडास असतात. पण पेडण्याहून सुटणाऱ्या बसी जयराम शेट्येच्या, आणि रेल्वे म्हणजे लोखंडाचा खेळखंडोबा, असं जयराम चारचौघांत बोलून दाखवायचा.

"प्रवासी संघाच्या अध्यक्षाची पत्नी जयरामच्या बशीत दिसली," गुरुदासबाब म्हणाले, "तर मी राजीनामा द्यायचा की विष घ्यायचं, एवढंच ठरवायचं राहील."

दोन्हीतलं काहीच होण्यासारखं नसल्यामुळे कमलाक्षी शनिवारी नव्या गाडीत बसली.

उद्घाटनाला हार होता, नारळ होता, निलेश कोरगावकरांचं आभारप्रदर्शन होतं, आणि फोटो पेपरात आला. काचेत माड दिसत होते. कमलाक्षी मागच्या डब्यात होती, ती दिसत नव्हती.

बायकांनी पहिल्याच शनिवारी आपला मार्ग शोधला. रूळ एकच, त्यामुळे समोरून येणारी मोठी गाडी सोडायला ही गाडी थिवीला बाजूच्या रुळावर थांबवून ठेवत. थिवीच्या फलाटावर संडास होता. दाराला कडी नव्हती, पण बाहेर पाठ टेकून उभी राहायला एक बाई पुरे.

"मावशी, उठा उठा!" दिपाली ओरडायची. "लाल पडलो!"

सिग्नल लाल झाला की साड्या सावरत सगळ्या उतरायच्या. एकीने टोपल्या सांभाळायच्या, एकीने दाराला पाठ लावायची, एकीने समोरच्या गाडीकडे लक्ष ठेवायचं. कमलाक्षीचा गुडघा वाकत नसे. परत चढताना दिपाली तिला वरून ओढायची आणि कोकमंवाली खालून ढकलायची, आणि ढकलता ढकलता म्हणायची, "अध्यक्षीणबाय, संघाक सांगा, आमका दर शनिवारी एक मानपत्र व्हया." सगळ्या हसायच्या. कमलाक्षीही हसायची. त्या गाडीतली हीच एक सोय होती, आणि ती कोणी मंजूर केलेली नव्हती.

मंजूर नसलेली सोय फार दिवस टिकत नाही. एका सकाळी पेडण्याच्या बाजारात, चहाच्या हॉटेलात, जयरामने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय अध्यक्षानू, तुमची नवी नवरी थिवीक दर शनिवारी निजता म्हणतत? बाळंतीण झाली की काय?"

हॉटेल हसलं. गुरुदासबाबांनी पाव कालवणातच सोडला. ते तसेच उठले, घरी गेले, आणि तुषारला फोन लावला.

"थिवीचा थांबा बंद झाला पाहिजे."

"साहेब, रूळ एकच आसा. कोणाक तरी थांबवचाच लागतला."

"थिवीला नको."

"मग खय?"

"कुठेही. लोकांना दिसणार नाही तिथे."

तुषारने नकाशा पाहिला. थिवीच्या पुढे खाजनात, भरतीच्या पाण्याच्या शेतांमधून रेल्वेने दोन जादा रूळ टाकून ठेवले होते. फलाट नाही, छप्पर नाही, एक बंद केबिन. लोकांना दिसण्याचा प्रश्न नव्हता, कारण तिथे लोकच नव्हते. पुढच्या आठवड्यापासून गाडी थिवीला जेमतेम मिनिटभर थांबू लागली आणि आपली पंधरा-वीस मिनिटं खाजनात काढू लागली. एकूण वेळ तेवढाच राहिला. पेपरात आलं: 'थिवीतील विलंब संपुष्टात, प्रवासी संघाच्या लढ्याला यश.'

गुरुदासबाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"ओ," कमलाक्षी म्हणाली, "तो विलंब माका व्हयो होतो."

"संघ व्यक्तीसाठी चालत नाही, कमलाक्षी."

"मग कोणासाठी?"

"प्रवाशांसाठी."

तेव्हापासून शनिवारच्या बायकांत एक नवी रीत पडली. शुक्रवारी दुपारनंतर पाणी बंद. शनिवारी सकाळी चहा नाही, पेज नाही, तोंडात खडीसाखरेचा खडा. कमलाक्षीला तोही चालत नव्हता. महिनाअखेरीस गुरुदासबाब पेडण्याच्या फलाटावर पाहणीला गेले. नळावर गर्दी नव्हती. बायका बाकांवर ओळीने, ओठ मिटून, शांत बसलेल्या. पूर्वी किती कलकलाट असायचा. त्यांनी निलेशना सांगितलं, "पाहा. गाडी चांगली मिळाली की माणसाला वळण लागतं."

दुसऱ्या महिन्यात कमलाक्षीला उन्हाळी लागली. थेंब थेंब, आणि प्रत्येक थेंबाला आग. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पाणी प्या. ती हो म्हणाली. सोमवार ते गुरुवार ती पाणी प्यायची.

मग तो शनिवार आला. गाडी खाजनात थांबली. समोरची गाडी गेली, पण सिग्नल लालच राहिला, कारण तिच्यामागून आणखी एक येत होती, पर्यटकांची, जादा सोडलेली. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. त्यात बगळे एका पायावर उभे होते, अगदी निवांत. कमलाक्षीने आधी दांडा धरला. मग दिपालीचा हात धरला. मग डोळे मिटले. दिपालीला कळलं, तिने गळ्यातली ओढणी काढून कमलाक्षीच्या मांडीवर पसरली आणि तिच्यापुढे आडवी उभी राहिली. डब्यातल्या बायका एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या. बगळ्यांमध्ये इतकं बघण्यासारखं काय आहे, असं एका पुरुषाला वाटलं, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं.

मडगावला उतरताना ओढणी पुढून होती, मागून नव्हती. त्या वळून बघणाऱ्या पुरुषाने फोटो काढला. ओली सीट, आणि उतरणाऱ्या बाईची पाठ. तो जागरूक नागरिक होता, त्यामुळे फोटो त्याने संघाच्या ग्रूपवर टाकला. खाली लिहिलं, 'असल्या लोकांना नवी गाडी कशाला?'

शनिवारची बैठक नुकतीच संपली होती. गुरुदासबाबांनी जागच्या जागी निवेदन तयार केलं. राष्ट्राच्या संपत्तीची विटंबना. स्वच्छतेची शिकवण घरातून मिळायला हवी. संबंधित महिलेचं नाव जाहीर करून तिच्यावर कठोर कारवाई व्हावी. ग्रूपवर अंगठ्यांची रांग लागली. निलेशनी लिहिलं, 'बैलसुद्धा जागा बघून करतो.' रविवारी पेपरात निवेदन चौकटीत आलं, अध्यक्षांच्या फोटोसह.

रविवारी दुपारी, निवेदन चौथ्यांदा वाचून झाल्यावर, त्यांनी पुरावा म्हणून तो फोटो मोठा करून पाहिला. अबोली रंगाची साडी, हिरवा काठ. खांद्याला म्हापशाच्या बाजारातली पिशवी, जिचा एक बंद त्यांनीच नायलॉनच्या दोरीने बांधून दिला होता. गाठही त्यांचीच होती. त्यांनी फोटो लहान केला. मग परत मोठा केला. ती कमलाक्षीच होती.

संध्याकाळी ती आली. टेबलावर पेपर उघडा होता, तो तिने पाहिला, दुमडून ठेवला, आणि हातपाय धुवायला गेली. साडी तिने बहिणीकडे धुतली होती, पण सुकली नव्हती. ती तिने अंगणातल्या दोरीवर टाकली.

गुरुदासबाब ओट्यावर आले. ते खाकरले. ती थांबली. त्यांनी साडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"ती आत वाळत घाल," ते म्हणाले. "रस्त्यावरून दिसते."

कमलाक्षीने साडी काढली आणि आत नेली. पुढच्या शनिवारी ती उठली, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, आणि खुर्चीवर बसून राहिली. गाडीची वेळ झाली, गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

बाजारात जयराम विचारी, "अध्यक्षानू, गावली काय ती बाय?"

"तपास चालू आहे," गुरुदासबाब म्हणत. ते खोटं नव्हतं. ते रोज घरी जाऊन बघत, ती तिथेच असे.

सर्वेशचे फोन येऊ लागले. "मावशे, आई तोंड उघडणा नाय गो. दार वाजला की बघता. माका बघल्यार परत भिंतीकडे तोंड करता. सोमवारी प्रिया येयसर पोटात काय जाणा नाय."

"येतंय," कमलाक्षी म्हणायची. फोन ठेवल्यावर नवऱ्याकडे बघायची. "बशीन गेलंय तर?"

"आत्ताच? लोक बाई शोधतायत आणि तू रेल्वे सोडून बस धरणार? दोन अधिक दोन पेडण्यात सगळ्यांना येतं." आवाज जरा मऊ करून ते म्हणाले, "थोडे शनिवार जाऊ दे. लोक विसरतात."

लोक विसरले असतेच, पण भाग्यलक्ष्मीला एवढी उसंत नव्हती.

त्या आठवड्यात तुषारचा फोन आला. त्याला फोटो कोणाचा ते कळलं असावं, कारण तो फार जपून बोलत होता. "साहेब, निळो रेक मडगावच्या यार्डात शनिवारी नुसतो उभो आसता. संघान एक ओळ लिवन दिली तर ह्याच शनिवारी बदलतंय. कारण लिवा, नाय लिवा. मी बघतंय."

गुरुदासबाब फोन कानाला धरून उभे राहिले. आतल्या खोलीत, दाराआड बांधलेल्या दोरीवर अबोली साडी अजून तशीच होती. एक ओळ. ती लिहायला त्यांना चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नसता. पण निळी गाडी पेडण्याच्या फलाटावर खडखडत शिरताना त्यांना दिसली, आणि पाठोपाठ चहाच्या हॉटेलात पाव बुडवणारा जयराम दिसला. पुढच्या रविवारी संघातर्फे त्यांचा सत्कार ठरला होता. शालीवर पांढऱ्या गाडीचं चित्र विणून घेतलं होतं.

"मेस्त्री," ते म्हणाले, "इतिहास मागे नेता येत नाही."

"इतिहास नाय साहेब, डबे."

"तेच ते."

सत्कार झाला नाही. त्या रविवारी सकाळी सर्वेशचा फोन आला. आई पहाटे गेली. शनिवारी दिवसभर दाराकडे बघत होती, मग बघायची थांबली.

कमलाक्षी रडली नाही. ती जमिनीवर बसली. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी तिला धरलं, आणि अशा वेळी जे करायचं ते केलं. एकीने तांब्याभर पाणी पाजलं, एकीने साखर न घातलेला चहा, मग तिसरीने आणखी पाणी, कारण बाई पांढरीफटक दिसत होती. तिने काहीच नको म्हटलं नाही. खाजनातला थांबा सुरू झाल्यापासून गाडीत बसायच्या दिवशी ती पहिल्यांदाच पोटभर पाणी प्यायली.

तेवढ्यात दारात मोटार थांबली. जयराम शेट्ये उतरला. थट्टेचा चेहरा घरी ठेवून आला होता. "वयनी, माझी गाडी आसा. तासाभरात पोचवतंय. वाटेत थांबवचा लागला तर सांगा, खयव थांबवूया." मग गुरुदासबाबांकडे वळून हळूच म्हणाला, "आज रेल्वे-बस सोडा ओ. माणूस गेलासा."

ह्या क्षणी गुरुदासबाबांना खरोखर वाटलं, की बसावं. त्यांचा पाय पायरीवरून उतरलाही. पण समोरच्या ओट्यावर निलेश कोरगावकर उभे होते, त्यांच्या मागे आणखी दोन कार्यकारिणी सदस्य, सगळे सत्काराच्या इस्त्रीच्या कपड्यांत आणि दुःखी चेहऱ्याने. पाय परत पायरीवर आला.

"आभारी आहे," गुरुदासबाब म्हणाले. "आम्ही आमच्या गाडीने जाऊ."

जयराम कमलाक्षीकडे बघत राहिला. मग मान हलवून मोटारीत बसला. मोटार रिकामीच गेली. संघाच्या ग्रूपवर निलेशनी शोकसंदेश टाकला: 'मेहुणीच्या अंत्यदर्शनासाठी मा. अध्यक्ष नव्या गाडीनेच सपत्नीक रवाना. कर्तव्यनिष्ठेस वंदन.' पुन्हा अंगठे आले, ह्या वेळी सोबत फुलं होती.

गाडी वेळेवर आली. दिपालीची पाळी रविवारीही होती. तिने कमलाक्षीला पाहिलं, काही विचारलं नाही, सरकून खिडकीजवळ जागा दिली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. कोकमंवालीने टोपली पायांखाली ओढून घेतली. कमलाक्षीच्या अंगावर अबोली साडी होती. बाहेर पडताना ती तिने दोरीवरून ओढून नेसली होती, आणि गुरुदासबाबांचं लक्ष स्टेशनावर येईपर्यंत गेलं नव्हतं. गेल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी ओळखल्यासारखं दिसलं नाही. त्यांना हायसं वाटलं.

डबा भरलेला होता. गुरुदासबाब दांड्याला धरून उभे राहिले, कारण अध्यक्षाने उभं राहिलेलं बरं दिसतं. माणसं येऊन हात जोडत होती. "वाईट झालं." "सुटली बिचारी." "तुमची गाडी होती म्हणून वेळेत पोचाल." शेवटच्या वाक्यावर त्यांनी मान लववली. दुःख होतंच, पण त्याखाली कुठेतरी ऊब वाटत होती. अशा प्रसंगीच माणसाच्या कार्याचं चीज होतं. कोलवाळचा पूल मागे पडला, माड मागे पडले, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थाला ते नकळत सांगू लागले, की पूर्वी ह्या गाडीला निळे डबे होते, खिडकीला गज, पंखा पेनने ढोसावा लागायचा, आणि थिवीला तर ही गाडी अक्षरशः झोपायची.

"मग?" गृहस्थाने विचारलं.

"मग आम्ही लढलो. रेल्वेची यंत्रणा म्हणजे डोंगर. पण एक सांगतो, माणसाने मनात आणलं तर गाडी कुठे थांबवायची आणि कुठे नाही, हे तो ठरवू शकतो."

"पुढील स्थानक, थिवी," छतातून बाईचा आवाज आला.

कमलाक्षीने दिपालीचा हात सोडला. सकाळपासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. तिने नवऱ्याची बाही ओढली. डबा शांत झाला, कारण बहीण गेलेली बाई आता काहीतरी बोलणार होती. गुरुदासबाबांनी चेहरा आवरला, डोळ्यांत योग्य तेवढं पाणी आणलं आणि खाली वाकले.

"ओ," ती म्हणाली, "थिवीक गाडी जरा थांबवशात? माका जावन येवचा आसा."